एका प्रयोगातली माणसं

टोरंटोच्या एल्गिन थिएटरमध्ये 'किंग लिअर'चा प्रयोग चालू आहे. चौथा अंक. वेडा झालेला म्हातारा राजा निळ्या प्रकाशात उभा आहे. ती भूमिका करणारा आर्थर लिअँडर हा एक्कावन्न वर्षांचा गाजलेला चित्रपटनट आहे, आणि तो बोलता बोलता अडखळतो. प्रेक्षकांना तो अभिनयच वाटतो. जीवन चौधरी नावाच्या एका प्रेक्षकाला मात्र तसं वाटत नाही. तो खुर्चीतून उठतो, रंगमंचावर धावत जातो आणि कोसळलेल्या नटाच्या छातीवर दाब देऊ लागतो. वरून प्लास्टिकचा बर्फ भुरभुरत असतो. आर्थर वाचत नाही. कॅनडात जन्मलेल्या एमिली सेंट जॉन मँडेल यांची 'स्टेशन इलेव्हन' ही 2014 सालची कादंबरी इथून सुरू होते. नाटकाची तिकिटं काढून माणसं थिएटरात जाऊन बसतात, ते अख्खं जग याच रात्री संपायला लागलं आहे, हे आपल्याला काही पानांनंतर कळतं.

मराठी वाचकाला लिअर परका नाही. वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मुळे 1970 सालापासून तो आपल्या घरातला झाला आहे. लिअर काय किंवा आप्पासाहेब बेलवलकर काय, दोघांची पडझड एकाच क्षणातून निघते. होतं नव्हतं ते मुलांना वाटून टाकायचं, असं ते ठरवतात, आणि पुढचं सगळं त्या निर्णयातून अटळपणे येत जातं. शोकांतिकेत क्षण हे कारण असतं आणि विनाश हा त्याचा परिणाम. मँडेल यांनी कादंबरीच्या तोंडाशी लिअर ठेवला आहे तो हे नातं तोडण्यासाठी, असं मला वाटतं. त्यांच्या कथेत जग कुणाच्या चुकीने बुडत नाही. जॉर्जिया या देशातून निघालेला एक फ्लू मॉस्कोमार्गे विमानाने टोरंटोत उतरतो आणि काही दिवसांत जवळजवळ सगळी माणसं मरतात. कुणाच्या अहंकाराचं किंवा कुणाच्या पापाचं हे फळ नाही. मग आयुष्य बदलणाऱ्या क्षणांना कथेत काम काय उरतं? या प्रश्नाचं मँडेल यांनी दिलेलं उत्तर फार सुंदर आहे, आणि ते कादंबरीच्या घाटातच आहे.

पडझडीचं चित्रण त्या कसं करतात ते आधी पाहावं. आर्थरच्या मृत्यूनंतर नाटकातली काही मंडळी थिएटरच्या बारमध्ये जमतात. दारू पितात, हळहळतात, आर्थरच्या घटस्फोटित बायकांपैकी कुणाला कळवायचं यावर बोलतात. प्रसंग साधा, थोडा ओशाळवाणा, अगदी ओळखीचा. प्रकरणाच्या शेवटी निवेदक शांतपणे सांगून टाकतो की या सगळ्यांत बारवाला सर्वांत जास्त जगला, आणि तोही तीन आठवड्यांनी शहराबाहेरच्या रस्त्यावर मेला. साथीचं वर्णन नाही, प्रेतांचे ढीग नाहीत. आपण ज्या माणसांशी नुकतीच ओळख करून घेतली, त्यांचं उरलेलं आयुष्य एका वाक्यात मोजून दिलेलं आहे. शेकडो पानांच्या भयकथेने जे साधलं नसतं ते या वाक्याने साधतं, कारण ते भविष्यातून आलेलं आहे. त्यानंतर पुस्तकातलं कुठलंही संभाषण आपण निर्धास्तपणे वाचू शकत नाही.

सहावं प्रकरण तर निव्वळ एक यादी आहे. यापुढे काय काय असणार नाही, त्याची यादी. खालून उजळलेल्या हिरवट पाण्याचे तलाव नाहीत, प्रखर दिव्यांखालचे सामने नाहीत, शहरं नाहीत, औषधं नाहीत. या यादीला कुणी पात्र नाही, घटना नाही, तरी ती शोकगीतासारखी वाचली जाते, कारण तिच्यात मोठ्या गोष्टी आणि क्षुल्लक गोष्टी एकाच ओळीत, एकाच स्वरात येतात. मग कादंबरी थेट वीस वर्षं पुढे जाते. मधली पहिली वर्षं सर्वांत हिंस्र होती, एवढंच आपल्याला कळतं. त्या प्रयोगात लिअरच्या मुलीचं बालरूप साकारणारी आठ वर्षांची कर्स्टन रेमंड आता तरुण नटी आहे. साथीनंतरचं पहिलं वर्ष तिला आठवत नाही, आणि न आठवणं हेच बरं, असं तिला वाटतं. कर्स्टनच्या स्मृतीत जी पोकळी आहे तीच कादंबरीच्या रचनेत आहे. लेखिकेने वगळलेला भाग आणि पात्राने विसरलेला भाग एकच असावा, ही कारागिरी मला थक्क करते.

कर्स्टन एका फिरत्या मंडळीत आहे. ह्युरॉन आणि मिशिगन या सरोवरांच्या काठच्या वस्त्यांमधून ही मंडळी हिंडते, संगीत वाजवते, शेक्सपिअर करते. इंधन नसल्यामुळे जुने पिकअप ट्रक घोडे ओढतात. कित्येक वादक नुसत्या वाद्याच्या नावाने ओळखले जातात. विष्णुदास भाव्यांपासून गावोगाव फिरणाऱ्या मंडळ्यांची परंपरा असलेल्या आपल्यासारख्यांना हा संसार लगेच कळतो: तीच रुसवेफुगवे धरून एकत्र राहणारी माणसं, तोच जपून वापरलेला कपडेपट. मंडळी 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' करते तेव्हा कर्स्टन टायटेनिया असते. प्लेगमुळे बंद पडलेली लंडनची नाट्यगृहं 1594 च्या सुमाराला पुन्हा उघडली, हा संदर्भ लेखिका तिथे नेमका आणते. शेक्सपिअरचं नाटकही साथीच्या पलीकडून आलेलं आहे, हे तिला आपल्याला सांगायचं आहे, आणि ती ते व्याख्यान न देता एका प्रयोगाच्या ओघात सांगते.

आता घाटाकडे येतो. कर्स्टनच्या पाठपिशवीत काचेचं एक पेपरवेट आहे, आत वादळी ढग गोठल्यासारखं. वाट तुडवणाऱ्या माणसाने जवळ बाळगावी अशी ही वस्तू नाही; जड आहे, निरुपयोगी आहे. तरी ती ते टाकत नाही, कारण ते सुंदर आहे. ते तिच्याकडे कसं आलं? आर्थर मेला त्या रात्री तिला सांभाळणाऱ्या तरुणीने तिला शांत करण्यासाठी दिलं. त्या तरुणीला आर्थरने दिलं होतं. आर्थरला ते त्याची पहिली बायको मिरांडा कॅरोल हिने प्रयोगाच्या थोडे दिवस आधी परत केलं होतं. आणि मिरांडाकडे ते आलं होतं कित्येक वर्षांपूर्वी, लॉस एंजेलिसमधल्या एका जेवणाच्या रात्री, आर्थरचा जुना मित्र क्लार्क थॉम्प्सन याने भेट म्हणून आणलं होतं तेव्हा. ती रात्र मिरांडाच्या आयुष्यातली उलथापालथ होती. नवरा आपल्यापासून दूर गेला आहे आणि त्याच टेबलाशी बसलेल्या एलिझाबेथकडे गेला आहे, हे तिला तिथे कळलं.

हा सगळा प्रवास कादंबरीतल्या एकाही पात्राला पूर्ण माहीत नाही. प्रत्येकाच्या हातात एकच दुवा आहे. संपूर्ण साखळी फक्त वाचकाला दिसते. मँडेल प्रसंगांचा क्रम मोडतात, वीस वर्षं पुढे आणि पंधरा वर्षं मागे उड्या मारतात, तो खेळ नव्हे. सरळ क्रमाने सांगितलं असतं तर पेपरवेट ही एक वस्तू राहिली असती. आधी ते कर्स्टनच्या पिशवीत दिसतं आणि मग कित्येक प्रकरणांनी क्लार्क ते घेऊन मिरांडाच्या दारात उभा राहतो, तेव्हा वाचक मनातल्या मनात दचकतो. ते दचकणं म्हणजेच या कादंबरीचा रस. जगातल्या जवळजवळ सगळ्यांची आठवण पुसली गेली आहे, आणि ती जपायचं काम लेखिकेने आपल्यावर सोपवलं आहे.

क्षणांचंही तेच. आर्थरच्या मृत्यूने जग बुडत नाही, पण तो मृत्यू कितीतरी आयुष्यांना आडव्या दिशेने धक्का देतो. जीवन चौधरी आधी नटनट्यांचे चोरून फोटो काढणारा छायाचित्रकार होता, मग मुलाखती घेणारा पत्रकार. तो पॅरामेडिक होण्याचं शिक्षण घेतो आहे, पण आत खोल साशंक आहे. त्या रात्री त्याला एक माणूस वाचवता येत नाही आणि नेमकं त्याच अपयशात हेच आपलं काम असल्याचं त्याला उमगतं. बर्फातून एका बागेत चालत असताना डॉक्टर मित्राचा फोन येतो: शहर सोड. तो एका दुकानातून गाड्या भरभरून सामान घेतो आणि व्हीलचेअरवरच्या भावाच्या बाविसाव्या मजल्यावरच्या घरात दार बंद करून बसतो. ज्या व्यवसायाचा शोध त्याला लागला, त्या व्यवसायाची सगळी यंत्रणा त्याच आठवड्यात नाहीशी होते. तरी कित्येक वर्षांनी व्हर्जिनियातल्या एका वस्तीत तो वैद्य म्हणून माणसांच्या जखमा बांधताना दिसतो. क्लार्क जिवंत राहतो तो आर्थरच्या अंत्यविधीला निघाला म्हणून; त्याचं विमान मिशिगनमधल्या सेव्हर्न सिटी नावाच्या लहानशा विमानतळाकडे वळवलं जातं आणि तिथे साथ पोचलेली नसते. त्याच विमानात एलिझाबेथ आणि तिचा व आर्थरचा मुलगा टायलर आहेत. एका नटाचा रंगमंचावरचा मृत्यू अशा रीतीने तिघांना वाचवतो, आणि हे कुणीही बोलून दाखवत नाही.

या विमानतळाची प्रकरणं मला कादंबरीचा गाभा वाटतात. अडकलेले प्रवासी आधी विमान कंपनीवर चिडतात, मग दूरचित्रवाणीसमोर गप्प होतात, मग दिवस मोजू लागतात. धावपट्टीच्या टोकाला एक विमान येऊन उभं राहतं. त्याचं दार कधीच उघडत नाही. आत आजार आहे हे ओळखून कुणीतरी दार न उघडण्याचा निर्णय घेतला असणार; कुणी आणि कसा, हे पुस्तक सांगत नाही. इमारतीतले लोक वर्षानुवर्षं त्या विमानाकडे पाहायचं टाळत जगतात, आणि त्यांचं जगणं त्या न उघडलेल्या दारावर उभं आहे. आयुष्य बदलणारा हाही एक क्षण, पण तो पूर्ण काळोखात, आवाजाशिवाय घडलेला. दुसऱ्या लेखकाने त्या दारापलीकडे जाऊन आपल्याला रडवलं असतं. मँडेल बाहेर थांबतात आणि आपल्यालाही बाहेर थांबवतात.

क्लार्क पुढे तिथेच एक संग्रहालय मांडतो. बंद पडलेले फोन, क्रेडिट कार्डं, उंच टाचांचे लाल बूट, लॅपटॉप. नव्या मुलांना दाखवायला. एका जागी तो स्नो ग्लोब पाहत थांबतो, तो हलवला की आत बर्फ उडणारा काचेचा गोळा. आणि मग लेखिका एक परिच्छेद लिहिते, जो एकटाही वाचावा. हा फालतू खेळ कुणाच्या तरी डोक्यात पहिल्यांदा आला असेल. कुणीतरी आतलं इवलं शहर रेखाटलं असेल. चीनमधल्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणारे गोळे कुणी पाहत बसलं असेल, हातमोजे घातलेल्या कुणी बाईने ते खोक्यात भरले असतील, जहाजाच्या पोटात खलाशांनी पत्ते कुटले असतील, बंदरावर कुणी सही केली असेल. एका निरर्थक वस्तूसाठी इतकी माणसं एकमेकांना न ओळखता एकत्र आली होती. सभ्यता म्हणजे काय याचं इतकं मूर्त वर्णन मी क्वचित वाचलं आहे. ग्रंथ नाहीत, मंदिरं नाहीत. ही अनोळखी हातांची रांग.

हा परिच्छेद एकटा नाही, आणि इथे लेखिकेची नजर किती लांबवर पोचते ते कळतं. मिरांडा ही चित्रकार आहे, पण तिची नोकरी नेपच्यून लॉजिस्टिक्स नावाच्या जहाज कंपनीत आहे. साथ पसरते तेव्हा ती कामासाठी मलेशियात असते. मंदीमुळे काम नसलेली जहाजं तिथल्या समुद्रात नांगरून ठेवलेली आहेत, आणि आजारी मिरांडा समुद्रकाठी पडल्या पडल्या त्यांचे दिवे पाहते. त्या जहाजांवरचे खलाशी कदाचित वाचतील, हा विचार तिच्या मनात येतो. म्हणजे जी जहाजं स्नो ग्लोब आणत होती ती थांबली आहेत, आणि थांबली म्हणूनच त्यांच्यावरची माणसं जगण्याची शक्यता आहे. माणसांना जोडणारं जाळं तेच, त्यातून काचेचा गोळाही आला आणि फ्लूही. जीवनने दाराच्या फटी बुजवल्या, विमानाचं दार बंद राहिलं, जहाजं दूर राहिली: तुटलेपणाने जीव वाचतात. आणि तरीही कादंबरी शेवटपर्यंत जोडलेपणाचीच बाजू घेते. हा ताण तिने कुठेही सोपा करून टाकलेला नाही. एक खंत मात्र नोंदवतो. हातमोजे घातलेली ती कारखान्यातली बाई फक्त हातांपुरतीच येते. नट, चित्रकार, सल्लागार यांना नावं, घरं, आठवणी आहेत. ज्यांच्या श्रमावर ते जग उभं होतं त्यांना क्लार्कच्या कल्पनेतला एक परिच्छेद आहे. परिच्छेद अप्रतिम आहे, म्हणूनच ही उणीव अधिक टोचते.

मिरांडा अनेक वर्षं एक कॉमिक काढत असते. अवकाशात भरकटलेलं एक स्थानक, त्यावर बुडालेलं जग, डॉक्टर इलेव्हन नावाचा एकाकी शास्त्रज्ञ. ती ते प्रसिद्धीसाठी काढत नाही. मोजक्या प्रती छापून आर्थरला देते. आर्थर एक संच लहानग्या कर्स्टनला देतो, दुसरा मुलगा टायलरला. जग बुडाल्यावर या एकाच पुस्तकाच्या दोन प्रती दोन माणसं घडवतात. एक नटी होते. दुसरा आपल्या माणसांना हत्यारं देऊन वस्त्या ताब्यात घेणारा, लहान मुलींना बायको करणारा स्वयंघोषित प्रेषित होतो. टायलरला आईने शिकवलं होतं की जे घडतं ते काही हेतूनेच घडतं. विमानतळावर असताना तो मुलगा त्या बंद विमानापाशी उभा राहून आतल्या मृतांना बायबलमधला प्रलयाचा भाग वाचून दाखवतो. आपण वाचलो म्हणजे आपण निवडलेले, ते मेले म्हणजे त्यांची तीच लायकी.

लिअरपासून निघालेला धागा इथे टायलरपाशी येऊन पोचतो. प्रेषित म्हणजे योगायोगाचं रूपांतर हेतूत करणारा माणूस. कादंबरीही योगायोग एकमेकांत गुंफते, पण त्यांतून हेतू काढत नाही. क्लार्क जगला तो चांगला होता म्हणून नव्हे, विमान वळलं म्हणून. त्यामुळे प्रेषिताशी होणारा संघर्ष खरं तर कथा सांगण्याच्या दोन पद्धतींमधला आहे, आणि शेवटच्या भेटीत कर्स्टन त्याला त्याच कॉमिकमधली वाक्यं ऐकवते तेव्हा तो क्षणभर गोंधळतो, हे अगदी योग्य आहे. विचार म्हणून हे पात्र अटळ आहे. पात्र म्हणून मात्र मला तो कादंबरीतला सर्वांत अशक्त भाग वाटतो. त्याचा मोठा होण्याचा काळ जवळजवळ नाहीच. तो पुस्तकात येतो तेव्हा बनून आलेला असतो, आणि त्याच्याच टोळीतला एक मुलगा त्याला झटक्यात गोळी घालतो. इतकी तयारी केलेल्या संघर्षाचा निकाल एका परिच्छेदात लागतो.

क्लार्कची आणि कर्स्टनची भेट त्यापेक्षा कितीतरी हळुवार आहे. कर्स्टन त्याच्या संग्रहालयात कॉमिकची एक प्रत ठेवून जाते. ती चाळताना क्लार्कला एका चित्रात लॉस एंजेलिसची ती जेवणाची रात्र दिसते, अवकाशस्थानकाच्या वेशात. आपण तिथे होतो, हे त्याला कळतं. साखळीतले दोन दुवे एका माणसाच्या हातात येतात, फक्त दोनच. 2021 च्या डिसेंबरपासून दाखवल्या गेलेल्या दहा भागांच्या दूरचित्रवाणी मालिकेने मात्र जीवन आणि कर्स्टन यांना त्या रात्रीपासून एकत्र ठेवलं आणि शेवटी पुन्हा भेटवलं. हिमेश पटेल यांनी जीवनचं काम फार आतून केलं आहे आणि ती भेट पाहताना गळा दाटतो. तरी मला कादंबरीचा निर्णय अधिक धीट वाटतो. पुस्तकात त्या रात्रीनंतर त्या दोघांची पुन्हा गाठच पडत नाही. व्हर्जिनियातल्या जीवनला ती मुलगी जगली का, हे कधीच कळत नाही.

मँडेल यांनी हे विणकाम पुढच्या पुस्तकांतही चालू ठेवलं. 'द ग्लास हॉटेल' (2020) या आर्थिक घोटाळ्यावरच्या कादंबरीत मिरांडा पुन्हा येते, पण तिथे जॉर्जियातला फ्लू वेळीच आटोक्यात आला आहे. त्यातली नायिका व्हिन्सेंट मनाशी एक खेळ खेळते: ती साथ आवरली गेली नसती तर काय झालं असतं? म्हणजे 'स्टेशन इलेव्हन'चं अख्खं जग हे दुसऱ्या पुस्तकातल्या एका बाईच्या मनात चमकून गेलेली शक्यता ठरतं. 'सी ऑफ ट्रँक्विलिटी' (2022) मध्ये ऑलिव्ह लेवेलिन ही भविष्यातली लेखिका आहे. साथीवरच्या आपल्या कादंबरीचा प्रचार करत गावोगाव फिरताना तिच्यासमोर खरी साथ येऊन ठेपते. तिच्या कादंबरीतही एक प्रेषित आहे, आणि त्याचा मृत्यू फारच फिका झाला, अशी तक्रार तिला ऐकावी लागते. बहुतेक माणसं अशीच, कसलाही उत्कर्षबिंदू न गाठता मरतात, अशा अर्थाचं काहीतरी ऑलिव्ह म्हणते. 'स्टेशन इलेव्हन'च्या वाचकांना मँडेल यांनी दिलेलं हे उत्तर असावं. बारवाल्याच्या बाबतीत ते मला पूर्ण पटतं. टायलरच्या बाबतीत अर्धंच पटतं, कारण बारवाल्याला लेखिकेने एका वाक्यात जिवंत केलं होतं आणि टायलरला अख्ख्या पुस्तकाची जागा मिळाली होती.